कुत्र्याची न थांबणारी खाज : अ‍ॅलर्जीचा तपास कोणत्या क्रमाने करावा?

टिपणवही (धागाकर्ती)

कुत्रे सतत खाजवू लागले की बहुतेक घरांत पहिला संशय त्याच्या जेवणावर घेतला जातो. खाद्य बदलले जाते, दोन आठवड्यांत फरक दिसला नाही की पुन्हा बदलले जाते, मधल्या काळात कोणीतरी सुचवलेली गोळी दिली जाते, आणि अखेरीस कशाने बरे वाटले व कशाने बिघडले याचा काहीही माग उरत नाही. माझे म्हणणे असे आहे की कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीत औषधाच्या निवडीपेक्षा तपासाचा क्रम अधिक महत्त्वाचा असतो, कारण ‘याला अ‍ॅलर्जीच आहे’ असे खात्रीने सांगणारी एकही चाचणी नाही. खाजेची इतर कारणे एकेक करून वगळावी लागतात आणि शेवटी जे उरते त्याला अ‍ॅलर्जीजन्य त्वचारोग म्हणायचे, अशी ही पद्धत आहे. तो क्रम येथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

आधी थोडे शरीराविषयी. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला शिंका येतात आणि त्याचे नाक वाहते. कुत्र्यात मात्र तीच गोष्ट मुख्यतः त्वचेवर प्रकट होते. वातावरणातील घटकांमुळे होणाऱ्या अशा त्वचाविकाराला अटोपिक डर्मटायटिस म्हणतात आणि त्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते. अशा कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर मुळातच कमकुवत असतो, त्यातील सिरॅमाइडसारखे स्निग्ध घटक अपुरे असतात, आणि धुळीतील माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव), परागकण किंवा बुरशीचे बीजाणू यांचे अंश त्या फटींतून आत शिरतात. शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते, त्वचेतील मास्ट पेशी हिस्टमिन हे खाज व सूज आणणारे द्रव्य सोडतात, आणि त्याचबरोबर इंटरल्यूकिन-31 हा संदेशवाहक रेणू खाजेच्या मज्जातंतूंना थेट चेतवतो. नुसत्या हिस्टमिनविरोधी गोळ्यांनी कुत्र्याची खाज बहुधा का थांबत नाही, याचे उत्तर या शेवटच्या दुव्यात आहे.

अ‍ॅलर्जीचे मोठे गट तीन : पिसवांच्या लाळेची, अन्नातील प्रथिनांची आणि वातावरणातील घटकांची. गवत, रबर किंवा एखाद्या रसायनाच्या स्पर्शाने होणारा चौथा प्रकारही आहे, पण तो तुलनेने क्वचित आढळतो. एकाच कुत्र्यात दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात, ही बाब पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. खाजेला एक उंबरठा असतो. परागकणांचा भार एकटा असता तर ज्या कुत्र्याने तो निभावून नेला असता, तेच कुत्रे त्या भारात चार पिसवांची भर पडताच रात्रभर स्वतःला कुरतडत बसते. म्हणूनच सगळी कारणे नाहीशी करता आली नाहीत तरी त्यांतील एखादे कारण कमी केल्याने कुत्र्याला खरोखर आराम पडू शकतो.

खाज शरीरावर कोठे आहे, याची नोंद सर्वांत आधी करावी. शेपटीचे मूळ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू येथे जोर असेल, तर पिसवांचा संशय प्रबळ ठरतो. पुढचे पंजे, तोंडाभोवतीचा भाग, काखा, जांघा, पोट आणि कानाच्या पाळीची आतली बाजू येथे लाली व खाज असेल, तर वातावरणातील किंवा अन्नातील अ‍ॅलर्जीकडे पाहावे. फिकट रंगाच्या कुत्र्याचे पंजे तांबूस-तपकिरी दिसू लागले, तर ते सतत चाटण्याचे चिन्ह असते. लाळेतील पॉर्फिरिन या द्रव्यांमुळे केसांना तो रंग चढतो. वयही काही सांगते. अटोपिक डर्मटायटिसची सुरुवात बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या काळात होते. त्यापेक्षा बऱ्याच लहान पिल्लाला किंवा उतारवयातील कुत्र्याला पहिल्यांदाच खाज सुटली, तर अन्नाचा आणि परजीवींचा विचार अधिक गांभीर्याने करावा लागतो. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, वेस्ट हायलंड व्हाइट टेरियर या जातींत हा विकार विशेष दिसतो. मात्र जातीवरून निदान करू नये.

क्रम असा : प्रथम परजीवी, नंतर जंतुसंसर्ग, त्यानंतर अन्न, आणि सर्वांत शेवटी वातावरण. पहिली पायरीच सर्वाधिक वेळा गाळली जाते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते.

पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके दंशही पुरतात, आणि ते स्वतःला इतके चाटते व कुरतडते की अंगावरच्या पिसवा त्याच्या पोटात जातात. त्यामुळे ‘आम्हाला एकही पिसू दिसली नाही’ हा पुरावा होत नाही. अंगावर वावरणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या सुमारे 5 टक्केच असतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत अंथरुणात, गालिचात व फरशीच्या फटींत असतात. कोषातील पिसू अनुकूल वेळ येईपर्यंत कित्येक महिने थांबू शकते. म्हणून घरातील सर्व प्राण्यांना, खाज नसलेल्यांनासुद्धा, निदान दोन-तीन महिने अखंड औषध द्यावे लागते आणि घराचीही सफाई करावी लागते. एकच मात्रा देऊन ‘उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

---

शंकेखोर

लेख उपयुक्त आहे, पण मला दोन शंका आहेत. आमच्या कुत्रीला पिसवा नाहीत हे पशुवैद्यांनी स्वतः केस विंचरून पाहिले, तरीही त्यांनी परजीवींवरची चघळण्याची गोळी दिलीच. जे नाही त्यावर औषध कशासाठी? दुसरे असे की रक्ताच्या एका तपासणीत अनेक पदार्थांची यादी आणि प्रत्येकापुढे आकडे मिळतात, असे ऐकले आहे. ती तपासणी आधीच करून घेतली, तर हा सगळा लांबलचक क्रम वाचणार नाही का?

---

टिपणवही

पहिल्या शंकेचे उत्तर खरजेत आहे. सार्कोप्टिस हा खरजेचा माइट त्वचेत बोगदे करून राहतो आणि त्वचा खरवडून तपासली तरी अनेकदा सापडत नाही. कानाच्या पाळीची कड, पुढच्या पायांची कोपरे आणि घोटे येथे खपल्या असतील, पाळीची कड दोन बोटांत चोळताच कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागत असेल, किंवा घरातील माणसांच्या अंगावरही पुरळ उठले असेल, तर संशय पक्का होतो. अशा वेळी औषध देऊन पाहणे हीच तपासणी असते. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर या गटातील औषधे पिसवा, गोचीड आणि खरूज या तिन्हींवर काम करतात, त्यामुळे एका उपायाने बऱ्याच शक्यता मिटतात. मात्र ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्याबाबत ही माहिती पशुवैद्यांना आवर्जून द्यावी. या गटातील औषधांमुळे काही प्राण्यांत थरथर किंवा झटके आल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली सावधगिरीची सूचना काढली होती. घरात मांजर असेल तर आणखी एक दक्षता आवश्यक आहे : कुत्र्यांसाठीच्या काही पिसूनाशक थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकते.

दुसऱ्या शंकेवर येथील पशुवैद्यकांनी लिहिलेले बरे.

---

त्वचा_पशुवैद्य

रक्तातील आयजीईची तपासणी असो किंवा त्वचेत अ‍ॅलर्जीकारक घटकांची सूक्ष्म मात्रा टोचून केलेली तपासणी असो, दोन्ही निदानासाठी नाहीत. पूर्णपणे निरोगी कुत्र्यांच्या रक्तातही माइट किंवा परागकणांविरुद्धचे आयजीई सापडते. याउलट अटोपिक डर्मटायटिसची सर्व लक्षणे असूनही चाचणी कोरी येणारे कुत्रे असतात. आजाराचे निदान आधी इतिहास व लक्षणे यांवरून, इतर कारणे वगळून करायचे, आणि त्यानंतर ‘शरीराला सवय लावणारी अ‍ॅलर्जीची लस कोणत्या घटकांची बनवावी’ हे ठरवण्यासाठी या चाचण्या वापरायच्या, असा त्यांचा उपयोग आहे. अन्नाच्या बाबतीत तर रक्तावरची तपासणी भरवशाची नाहीच. केस आणि लाळ पाठवून घरबसल्या होणाऱ्या तपासण्यांविषयी काय सांगावे? एका अभ्यासात खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम केस आणि निर्जंतुक सलाईन पाठवण्यात आले, तेव्हा त्या निर्जीव नमुन्यांनाही अ‍ॅलर्जीची यादी मिळाली. अशा यादीवर विसंबून कुत्र्याचे निम्मे अन्न बंद करणारे पालक मला वारंवार भेटतात, आणि त्यांची समजूत घालणे हे खाज थांबवण्याहून कठीण काम असते.

जंतुसंसर्गाच्या पायरीविषयीही लिहितो. खाजवून खाजवून त्वचा फाटली की तेथे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू आणि मॅलासेझिया ही यीस्ट यांचे फावते. हे दोन्ही निरोगी त्वचेवरही थोड्या प्रमाणात राहतात. अ‍ॅलर्जीमुळे त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि मग ते स्वतःच खाजेचे कारण बनतात. यीस्ट वाढलेल्या त्वचेला आंबूस, तेलकट वास येतो, ती जाड व काळपट होऊ लागते. चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की काही मिनिटांत उत्तर मिळते. ही तपासणी साधी आहे आणि प्रत्येक भडक्याच्या वेळी ती पुन्हा व्हायला हवी. ‘मागच्या वेळचे औषध या वेळी लागू पडले नाही’ या तक्रारीमागे बरेचदा न तपासलेला संसर्ग असतो.

संसर्ग वरवरचा असेल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शॅम्पू पुष्कळदा पुरेसा होतो. प्रत्येक वेळी तोंडावाटे प्रतिजैविके देत राहिल्याने औषधांना न जुमानणारे जिवाणू निर्माण होतात आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस आता कुत्र्यांतही आढळतो.

---

मंदवारा

आमच्या कुत्र्याला धान्याचे वावडे असावे असे वाटते, कारण धान्यविरहित खाद्य सुरू केल्यावर महिनाभर बरे वाटले आणि नंतर खाज परत आली. आता कोणते खाद्य घ्यावे?

---

टिपणवही

धान्यावर कुत्र्याच्या खाजेचे खापर फोडण्याची प्रथा बरीच रूढ आहे, पण उपलब्ध माहिती तिला फारसा आधार देत नाही. अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून 2016 साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात गोमांस 34 टक्के, दुग्धजन्य पदार्थ 17 टक्के, कोंबडी 15 टक्के आणि गहू 13 टक्के कुत्र्यांत कारणीभूत आढळला. म्हणजे प्राणिज प्रथिने पुढे आहेत. गव्हाचे वावडे असते, नाही असे नाही. पण धान्यविरहित खाद्यात बहुधा तीच कोंबडी किंवा तेच गोमांस असते. शिवाय ज्यांत वाटाणे, मसूर यांसारख्या डाळी मुख्य घटक म्हणून असतात, अशा खाद्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या एका विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी 2018 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरू केली. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, तरीही निष्कारण त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

महिनाभर बरे वाटून खाज परत येणे याचा अर्थ कित्येकदा ऋतू बदलला किंवा संसर्ग पुन्हा उलटला एवढाच असतो. अन्नाची चाचणी योग्य रीतीने करायची तर ती किमान आठ आठवड्यांची असावी. 2015 सालच्या एका आढाव्यानुसार अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक पाचव्या आठवड्यापर्यंत सुधारले, आणि आठव्या आठवड्यापर्यंत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे गेले. तीन आठवड्यांत चाचणी सोडणारा पालक म्हणूनच हाती काहीही न लागता परततो.

या काळात कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन व एकच पिष्टमय पदार्थ द्यावा, किंवा हायड्रोलाइज्ड खाद्य द्यावे, ज्यात प्रथिनांचे रेणू इतके लहान केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा बहुधा त्यांना ओळखत नाही. दुकानांत ‘एकच प्रथिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या खाद्यांत वेष्टनावर न लिहिलेल्या प्राण्यांचे अंश सापडल्याचे अनेक तपासण्यांत दिसून आले आहे, म्हणून पशुवैद्यांनी लिहून दिलेले खाद्य किंवा त्यांच्या सल्ल्याने घरी शिजवलेले अन्न बरे. खरी गफलत मुख्य जेवणात होत नाही, ती किरकोळ गोष्टींत होते : चवीच्या चघळण्याच्या गोळ्या, दातांची पेस्ट, जिलेटिनच्या कॅप्सूल, चघळण्याची कातडी, मांजराच्या ताटलीतील उरलेले, मुलांच्या हातून खाली पडलेला तुकडा. घरातील प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, नियम सांगून ठेवावा लागतो. आजी-आजोबांचे मन वळवणे हा या चाचणीचा सर्वांत अवघड भाग असतो असे पुष्कळांकडून ऐकले आहे.

आणि चाचणी आठव्या आठवड्याला संपत नाही. खाज कमी झाली असेल तर जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहावे लागते. अन्नच कारण असेल तर बहुतेक कुत्र्यांत दोन आठवड्यांच्या आत खाज परतते; नवे अन्न दिल्यावर ती पुन्हा उतरली, तरच निदान पक्के मानावे. ही उलटतपासणी पालकांना क्रूर वाटते, पण ती टाळली तर आयुष्यभर निष्कारण पथ्य पाळण्याची वेळ येऊ शकते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत त्वचेबरोबर पोटाच्याही तक्रारी असू शकतात, म्हणजे वारंवार शौच, वायू, अधूनमधून उलटी. गुदद्वाराभोवतीची खाजही त्यात येते. हे सगळे नसले तरी अन्नाची शक्यता संपत नाही, कारण नुसत्या त्वचेवरून अन्न व वातावरण यांतला फरक ओळखता येत नाही.

---

मंदवारा

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आठ आठवडे खाज सहन करायला लावणे जिवावर येते. त्या काळात खाजेचे औषध देता येते का?

---

त्वचा_पशुवैद्य

देता येते, आणि खाज तीव्र असेल तर द्यावेच. सुरुवातीचे काही आठवडे कमी मुदतीचे औषध देऊन कुत्र्याला आराम द्यायचा, मात्र चाचणीच्या शेवटच्या टप्प्यात ते पूर्ण थांबवून नुसत्या अन्नावर खाज कशी राहते हे पाहायचे. लांब पल्ल्याचे स्टिरॉइडचे इंजेक्शन या काळात घेऊ नये, कारण त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि चाचणीचे उत्तर झाकोळून जाते.

औषधांविषयी गैरसमज दोन टोकांचे आहेत. काही जण स्टिरॉइडचे नाव काढताच दचकतात, तर काही जण वर्षानुवर्षे त्याच गोळ्या परस्पर आणून देत राहतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड झपाट्याने काम करते आणि थोड्या दिवसांच्या तीव्र भडक्यासाठी ते आजही उत्तम औषध आहे. तहान, लघवी आणि भूक वाढणे हे परिणाम लगेच दिसतात. दीर्घकाळ दिल्यास स्नायू क्षीण होतात, त्वचा पातळ होते, संसर्ग वाढतात आणि कुशिंगचा विकार (शरीरात स्टिरॉइडचा अतिरेक झाल्याची अवस्था) ओढवतो. वेदनाशामक दाहरोधक गोळ्यांबरोबर ते कधीही देऊ नये. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. दीर्घकाळ चालू असलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

ओक्लासिटिनिब हे औषध अमेरिकेत 2013 साली कुत्र्यांसाठी मान्य झाले. ते खाजेच्या संदेशवहनातील जॅनस कायनेज हे विकर रोखते, आणि परिणाम सहसा एका दिवसात जाणवतो. पहिले 14 दिवसांपर्यंत दिवसातून दोनदा आणि नंतर एकदा अशी त्याची पद्धत आहे. दोनवरून एकवर येताना काही कुत्र्यांत खाज थोडी वाढते, तेव्हा घाबरून मात्रा परस्पर दुप्पट करू नये. बारा महिन्यांहून लहान पिल्लांना आणि गंभीर संसर्ग असलेल्यांना ते देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन म्हणजे टिपणवही यांनी वर उल्लेखलेल्या इंटरल्यूकिन-31 ला पकडून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आहे. त्याचा परिणाम साधारण चार ते आठ आठवडे टिकतो, आणि इतर आजार किंवा इतर औषधे चालू असलेल्या कुत्र्यांसाठी ते सोयीचे ठरते. त्याची मर्यादाही त्याच्या नेमकेपणात आहे : ते एकच संदेश अडवते, त्यामुळे जेथे दाह किंवा संसर्ग जोरात आहे तेथे ते एकटे अपुरे पडते. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारयंत्रणा दाबणाऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला उलट्या होऊ शकतात, म्हणून तातडीच्या आरामासाठी त्याचा उपयोग नाही.

---

शंकेखोर

ही सर्व औषधे लक्षणे दाबणारी झाली. मूळ प्रवृत्तीच बदलेल असे काहीच नाही का?

---

त्वचा_पशुवैद्य

आहे, ज्याला अ‍ॅलर्जनची लस किंवा इम्युनोथेरपी म्हणतात ते. ज्या घटकांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्या वाढत्या मात्रा इंजेक्शनने किंवा जिभेखाली थेंबांनी दीर्घकाळ देऊन शरीराला त्यांची सवय लावली जाते. साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश कुत्र्यांत लक्षणीय सुधारणा होते, पण परिणाम ठरवण्यासाठी वर्षभर थांबण्याची तयारी हवी, आणि तोवर वरची औषधे चालू ठेवावी लागतात. तरुण कुत्र्यात, ज्याच्यापुढे औषधांची बरीच वर्षे आहेत, मी हा मार्ग आधी सुचवतो. त्वचेत टोचून करायच्या तपासणीपूर्वी तोंडावाटे घेतलेले स्टिरॉइड सुमारे दोन आठवडे आणि हिस्टमिनविरोधी गोळ्या सुमारे आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. म्हणून तारीख ठरवतानाच चालू औषधांची पूर्ण यादी सांगावी.

---

पाऊलखुणा

आमच्या कुत्रीच्या अंगाला खाज नाही, फक्त कान सारखे बिघडतात. थेंब टाकले की बरे, बंद केले की पुन्हा तेच. हे या धाग्यात बसते का?

---

टिपणवही

नक्कीच बसते. वारंवार होणारा कानाचा दाह हे काही कुत्र्यांत अ‍ॅलर्जीचे एकमेव दृश्य लक्षण असते, कारण कानाची नळी म्हणजे त्वचेचाच आत वळलेला भाग आहे. थेंबांनी यीस्ट किंवा जिवाणू मरतात, पण त्यांना वाढू देणारा मूळ दाह तसाच राहतो. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. मागच्या खेपेची उरलेली बाटली परस्पर वापरू नये : कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधे ऐकण्यावर किंवा तोल सांभाळण्यावर परिणाम करू शकतात, म्हणून पडदा पाहूनच थेंब ठरवावे लागतात. आणि वास व खाज थांबली म्हणून औषध मध्येच न सोडता, कानातील मळाचा नमुना पुन्हा तपासून मगच थांबावे.

---

मंदवारा

घरच्या घरी करण्यासारखे काय आहे? तेल लावणे, आपला सौम्य शॅम्पू वापरणे, माणसांची अ‍ॅलर्जीची गोळी देणे, असे सल्ले सर्वत्र दिसतात.

---

टिपणवही

अंघोळ हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. तिने अंगावर बसलेले परागकण व धूळ धुऊन जातात आणि जंतूंचा भारही उतरतो. पाणी गार किंवा कोमट असावे, गरम नसावे. औषधी शॅम्पू त्वचेवर सुमारे दहा मिनिटे राहू द्यावा लागतो, आणि बहुतेक जण येथेच घाई करतात. घड्याळ लावून त्या वेळात पंजे व पोट हलक्या हाताने चोळत राहणे सोपे जाते. भडक्याच्या काळात आठवड्यातून एक-दोनदा अंघोळ चालते. माणसांचे शॅम्पू टाळावेत. कुत्र्याच्या त्वचेचे आम्लमान वेगळे असते आणि तिचा वरचा थरही आपल्यापेक्षा पातळ असतो.

फिरून आल्यावर पंजे व पोट ओल्या कापडाने पुसून कोरडे करावेत, बोटांमधील ओल राहू देऊ नये. अंथरूण दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्यास त्यातील माइट मरतात. ओमेगा-3 मेदाम्लांचा पूरक उपयोग होतो, पण तो दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. साधे तेल चोपडल्याने कोरडेपणा तात्पुरता झाकला जातो, मात्र यीस्ट वाढलेल्या तेलकट त्वचेवर ते चिखलात पाणी ओतण्यासारखे आहे. टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी ठरू शकते. ते मुळीच लावू नये, कारण लावलेले सगळे कुत्रा चाटतो. माणसांच्या गोळ्यांबाबत तर अधिकच जपावे : हिस्टमिनविरोधी काही औषधांत नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन मिसळलेले असते, काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, आणि हे दोन्ही कुत्र्यासाठी घातक आहेत.

---

त्वचा_पशुवैद्य

एक भर घालतो, कारण वरची सर्व चर्चा सावकाश चालणाऱ्या अ‍ॅलर्जीची आहे. कीटकदंश, लस किंवा एखादे औषध यांनंतर अचानक तोंड सुजले, अंगभर गांधी उठल्या, तर त्याच दिवशी दाखवावे. त्याबरोबर उलटी, जुलाब, फिकट हिरड्या, धाप किंवा गळून पडणे यांपैकी काही असेल, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची, आणीबाणी आहे. कुत्र्यात या प्रतिक्रियेचा मुख्य आघात यकृत व आतड्यांच्या रक्ताभिसरणावर होतो, म्हणून श्वास अडकण्याआधी उलटी-जुलाब दिसू शकतात आणि पालक त्याला अपचन समजतात. अशा वेळी घरी गोळी देऊन वाट पाहू नये. अ‍ॅड्रेनलिन आणि शिरेतून द्रव यांची गरज असते. पूर्वी लसीची प्रतिक्रिया आली असेल तर पुढच्या लसीपूर्वी ते सांगावे, परंतु लसीकरण आपणहून बंद करू नये.

---

पाऊलखुणा

शेवटचा प्रश्न. एकदा खाज आटोक्यात आली की औषधे कमी करत न्यावीत का, आणि ते कशाच्या आधारावर ठरवावे?

---

टिपणवही

आधार नोंदवहीचा असावा. खाजेला 0 ते 10 असा गुण रोज, शक्यतो एकाच व्यक्तीने आणि एकाच वेळी द्यावा. 0 म्हणजे सामान्य आणि 10 म्हणजे खाणे, खेळणे, झोपणे सोडून अखंड खाजवणे. निरोगी कुत्रेही अधूनमधून खाजवते, त्यामुळे 2 च्या खाली राहणे पुरेसे समाधानकारक असते. शेजारच्या रकान्यात अंघोळ, पिसवांचे औषध, खाद्यातील बदल आणि कानांची अवस्था लिहावी. वर्षभराच्या नोंदींत ठरावीक महिन्यांतच आकडा चढताना दिसला, तर ती ऋतूशी निगडित अ‍ॅलर्जी असते, आणि अशा कुत्र्याला तो काळ सुरू होण्याच्या थोडे आधी उपचार सुरू केले की कमी औषधात भागते. एका वेळी एकच गोष्ट कमी करावी आणि निदान दोन आठवडे आकडा पाहून मगच पुढचे पाऊल टाकावे. पिसवांचे औषध मात्र या कपातीत धरू नये.

---

त्वचा_पशुवैद्य

सहमत आहे. ज्या कुत्र्यांत त्याच त्या जागी, म्हणजे पंजांच्या बेचक्यांत किंवा पोटावर, पुन्हा पुन्हा भडका उडतो, त्यांच्यासाठी आणखी एक पद्धत आहे. त्वचा पूर्ण बरी झाल्यावरही त्या जागांवर हायड्रोकॉर्टिसोन असिपोनेट या स्टिरॉइडचा फवारा आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस चालू ठेवल्यास पुढचा भडका लांबणीवर पडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. फवाऱ्यानंतर तो भाग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये, आणि ही पद्धत किती महिने चालवायची हे त्वचा पातळ होत नाही ना ते दर भेटीत पाहून ठरवावे.